रिकाम्या हौद्याची गाडी

एप्रिल लागला की आमच्या बोरिवलीच्या इमारतीत गच्चीवरून मिरच्यांचा ठसका जिन्यात उतरायला लागतो. जुन्या चादरींवर मिरच्या पसरलेल्या असतात, कुणाच्या खिडकीत हळकुंडं वाळत असतात, आणि खाली आवारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या पत्र्याला दुपारी हात लावला तर चटका बसतो. मला तो चटका आवडतो. तापलेल्या गाडीचं दार उघडलं की रबर, रेक्झिन, जुनं ऑइल आणि सीटखाली विसरलेली संत्र्याची साल असा सगळा मिळून एक वाफारा अंगावर येतो. लोक नाक धरून लांब होतात. मी आधी आत वाकते.

यंदा त्या वाफाऱ्याबरोबर काही वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा वर आला. निमित्त साधंच होतं. आमच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपवर नव्याने आलेल्या एका मुलीने विचारलं, "गाड्यांची आवड असेल तर पिकअप असायलाच हवी का? खरंच गरज असते का तिची?" आणि पाच मिनिटांत तिला बावीस जणांनी उत्तरं दिली. हवीच. मुळीच नको. मुंबईत वेडेपणा आहे. आयुष्यात एकदा घ्यावीच. मी मोबाइल उपडा ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. आवड आणि गरज हे दोन शब्द शेजारी शेजारी आले की अजूनही माझं डोकं फिरतं.

तो उन्हाळा असाच होता, कोरडा आणि झळा मारणारा. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची होते. अंधेरीला एका विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी, लग्न केलेलं नाही, घरी मी आणि नाना. नाना म्हणजे माझे वडील. मुलुंडच्या एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं टर्नरचं काम केलं. इतर मुलींना वडिलांनी सायकल शिकवली, मला नानांनी कार्ब्युरेटर उघडायला शिकवला. कारखान्यातल्या साहेबांच्या गाड्या ते सुटीच्या दिवशी दुरुस्त करायचे आणि मी बाजूला स्टुलावर बसून पाने द्यायचे. चौदाचा, सतराचा. मागायच्या आधी द्यायचे. ती माझी पहिली शाबासकी होती.

रविवारी सकाळी गोरेगावला एका हॉटेलात आम्ही सहा-सात जण जमायचो. इडली, चहा आणि गाड्या. त्यांत मी एकटी बाई. त्या वर्षीचा जानेवारी, फेब्रुवारी, मार्च आमचा एकाच वादात गेला. केदार, ज्याचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, टेबलावर हात आपटून सांगायचा, "गाडी आवडते म्हणणाऱ्याकडे एकदा तरी पिकअप असलीच पाहिजे. इंजिन आणायचं असतं, टायर न्यायचे असतात. डिकीत काय काय कोंबणार?" दुसरा कुणी म्हणायचा, "अरे, फोन केला की टेम्पो येतो. वर्षातून दोनदा टायर न्यायला हत्ती पाळायचा का?" मग दोघेही हसायचे, अजून एक चहा यायचा, आणि घरी जाताना सगळे आपापल्या छोट्या गाडीत बसून जायचे. घेत कुणीच नव्हतं.

मी घेतली.

मुलुंडच्या एका डॉक्टरांची होती. त्यांनी गावाकडची शेती विकली होती आणि आता तिचं करायचं काय म्हणून ती गॅरेजबाहेर उभी होती. गडद हिरवी, चार दारांची, मागे उघडा हौदा. मी आणि नाना बघायला गेलो. डॉक्टर माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत म्हणाले, "मिस्टर येतायत का मागून?"

"मिस्टर नाहीत. मीच आलेय."

"नाही, म्हणजे चालवायला?"

"मीच."

त्यांनी नानांकडे पाहिलं. नाना तोवर रुमाल अंथरून रस्त्यावर आडवे झाले होते आणि गाडीखालचे स्प्रिंगचे पाटे बघत होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. खालूनच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तिलाच विचारा. मी फक्त स्वच्छ आहे का बघतोय."

पवईमार्गे घरी आणली. पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं की ही गाडी चालवायला सोपी नाही. मोकळ्या हौद्यामुळे मागची बाजू खड्ड्यात टणकन उडायची, वळायला अख्खा रस्ता लागायचा, क्लच दाबून मांडी भरून आली. पण ती उंची! बसच्या खिडकीतली माणसं माझ्या नजरेसमोर आली. तलावावरून गरम वारा आला आणि उघड्या काचेतून थेट पाठच्या काचेवर जाऊन आदळला. मागे हौद्यात काही नव्हतं, नुसतं ऊन. मी आरशातून ते ऊन बघत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. नानांनी मागच्या काचेतून पाहिलं. मग म्हणाले, "हौद्यात काय घालणार?"

"ठरवलं नाही अजून."

"मग घाई करू नकोस," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

दुसऱ्या रविवारी गोरेगावच्या हॉटेलासमोर ती उभी केली तेव्हा सगळे बाहेर आले. टायरला लाथा मारून झाल्या, बॉनेट उघडून झालं. झकास, झकास, असं चाललं होतं. आणि मग केदार म्हणाला, ज्याने तीन महिने टेबल आपटलं होतं तो केदार, "पण माधवी, तुला कशाला गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे, तुला काय करायचंय तिचं? तू काय इंजिनं वाहणार?"

"तू वाहणार होतास?"

"अगं, माझं वेगळं आहे ना."

काय वेगळं होतं ते त्याने सांगितलं नाही. मी इडली अर्धी ठेवून उठले. वाईट माणूस नव्हता तो, आजही नाही. पण त्या सकाळी मला समजलं की तीन महिने आमचा वाद पिकअपवर चालूच नव्हता. पुरुषाने घेतली तर छंद, आणि मी घेतली तर हिशेब द्यायचा. शेजारचे काका वयाच्या साठीला महागडा कॅमेरा घेऊन फुलपाखरं टिपतात, त्यांना कुणी विचारतं का, की फुलपाखरांची गरज होती का? बायका नऊवारीपासून पैठणीपर्यंत कपाट भरतात, त्यांनाही कुणी विचारत नाही, कारण ती हौस ओळखीची असते. माझी हौस अनोळखी होती, आणि सव्वापाच मीटर लांब होती.

सोसायटीने आठवड्यात नोटीस लावली. लिफ्टशेजारच्या फळ्यावर, टाइप करून. मालवाहू वाहने आवारात उभी करू नयेत. खाली अध्यक्षांची सही. अध्यक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरचे सामंतकाका, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सही करायला कागद मिळाला की प्रसन्न होणारे. मी त्यांच्या दारात गेले.

"काका, ही खाजगी गाडी आहे. नंबरची पाटी पांढरी आहे."

"पण दिसते मालवाहू."

"दिसण्यावर नोटीस निघते?"

"माधवी, तू शिकलेली मुलगी. उद्या कुणी टेम्पो आणून लावेल. चांगल्या वस्तीत बरं दिसतं का ते?" आणि मग आवाज खाली आणून, "नानांना दवाखान्यात न्यायला तुझी आधीची छोटी गाडी बरी होती गं. ही कशाला?"

त्यांच्यामागे सामंतकाकू कैऱ्यांच्या फोडी मीठ लावून ताटात पसरत होत्या. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली.

मी गाडी हलवली नाही.

त्या दिवसांत मी सगळ्यांत सुखी होते ती रोझीबरोबर. रोझी माझ्या ऑफिसात होती. तिचं घर गोराईला, नारळाच्या वाडीत. बोरिवलीच्या जेट्टीवरून होडीत बसलं की गोराई दहा मिनिटांवर. पण पिकअप होडीत बसत नाही. तिला घेऊन जायचं तर भाईंदर, उत्तन असा सगळा वळसा घालून, समोर दिसणाऱ्या गावाला दीड-दोन तासांनी पोचायचं. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी आम्ही तो वळसा घातला. उत्तनच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या काठ्यांवर बोंबील वाळत होते. समुद्र मधूनच दिसायचा आणि घरांमागे लपायचा. रोझीने काच खाली करून पाय समोर टेकवले.

"होडीने गेलो असतो तर आत्ता जेवून झोपलो असतो," ती म्हणाली.

"उतरवू का?"

"गप चालव. मजा येतेय."

तिच्या अंगणात मसाल्याचं काम चाललं होतं. चटईवर मिरच्या, सुपात तीळ, खसखस, धणे, आणि चुलीवर एकेक जिन्नस भाजणाऱ्या दोन बायका. सगळं अंगण लालसर दिसत होतं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तरी तिथून उठावंसं वाटत नव्हतं. त्यांपैकी एकीने गाडीकडे बघून विचारलं, "काय आणलंस भरून?" मी म्हटलं, काही नाही. ती वाकून हौद्यात बघायला लागली. खरंच काही नव्हतं.

जेवताना रोझी म्हणाली, "खरं सांग, कशाला घेतलीस?"

"आवडली म्हणून."

तिने भातावर कालवण ओतलं. "मग एवढी तोंड पाडून का फिरतेस ऑफिसात? आवडली, घेतलीस, झालं ना. मी काय विचारते का गं तुला, देवावर विश्वास का ठेवतेस?"

"मी नाही ठेवत."

"बघ. तेही नाही विचारलं कधी."

मेच्या सुरुवातीलाच आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी तडकली. सकाळी उठलो तर जिन्यातून पाणी वाहत होतं आणि नळ कोरडे. लग्नसराईचे दिवस, एकही टेम्पोवाला फोन उचलेना. दुपारी सामंतकाका दारात उभे. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. माझ्याकडे न बघता नानांना म्हणाले, "घाटकोपरला माझ्या ओळखीचा व्यापारी आहे. टाकी तयार आहे. आणायचा प्रश्न आहे."

नाना म्हणाले, "गाडी तिची आहे."

मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली घेतली. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. चोवीस घरांत पाणी नव्हतं.

जाताना काका दार घट्ट धरून बसले होते. जोगेश्वरीच्या पुढे त्यांनी हात सोडला. पवईला म्हणाले, "वरून सगळं छान दिसतं गं." मी हसले. येताना हौद्यात काळी टाकी उभी, दोरखंडाने चार बाजूंनी आवळलेली, आणि काका दर सिग्नलला मागे वळून तिच्याकडे बघत होते. संध्याकाळी नळाला पाणी आलं तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर इमारतीचं मत बदललं. कुणाचा फ्रीज भावाकडे पोचवायचा होता, कुणाची गादी पिंजाऱ्याकडे, कुणाच्या नातवाचा पाळणा मालाडहून आणायचा होता. मी सगळं केलं. जिन्यात भेटणाऱ्या बायका म्हणू लागल्या, "किती गं उपयोगी पडते तुझी गाडी!" आधी बरं वाटलं. मग हळूहळू ते खुपायला लागलं. दोन आठवडे मी माझ्यासाठी म्हणून ती गाडी चालवलीच नव्हती. हौदा सतत भरलेला. आणि लोक माझ्यावर खूश होते ते नेमकं त्यामुळेच. बाईने स्वतःसाठी काही घेतलं तर ते आधी चुकीचं असतं. चार लोकांच्या कामाला आलं की मग तिला मोठ्या मनाने माफ करतात. मला त्या माफीचा राग येत होता, आणि राग येतो याची लाजही वाटत होती.

मेच्या मध्यावर सोसायटीची सभा झाली. तळमजल्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, दोन उभे पंखे, संध्याकाळचं शिळं ऊन. सामंतकाका उठले आणि त्यांनी प्रेमाने मांडलं, खरंच प्रेमाने, की माधवीचं वाहन सोसायटीच्या कामाला येतं, तेव्हा आवश्यकतेनुसार सोसायटीला उपलब्ध करून देण्याच्या अटीवर अपवाद म्हणून परवानगी द्यावी. माना डोलल्या. प्रश्न मिटल्यासारखाच होता. मी नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं.

मी उठले.

"काका, पाटणकरांची निळी गाडी पाच वर्षं इथे उभी आहे. चारही चाकं बसलीयत. दरवर्षी तिच्याखाली मांजर वितं. ती सोसायटीच्या कुठल्या कामाला येते?"

लोक हसले. पाटणकरही हसले.

"तसं नाही गं," काका म्हणाले, "तुझं आम्ही कौतुकच करतोय."

"मला कळतंय. पण टाकी आणली ती मी शेजारीण म्हणून. पुन्हा लागली तर पुन्हा आणेन, रिक्षाने आणायला लागली तरी आणेन. ते गाडीचं भाडं नव्हे. ही गाडी मी कुणाच्या उपयोगासाठी घेतलेली नाही. मला तिची गरज नव्हती, आजही नाही. मला ती आवडते. तेवढ्यावर ती इथे उभी राहू शकते की नाही, ते सांगा."

मागून कुणीतरी म्हणालं, "कशाला वाढवतेस? मिळतेय ना परवानगी?"

"ती पार्किंगच्या रेषेबाहेर येते दीड फूट, हे मला माहीत आहे," मी म्हटलं. "त्या कारणाने नाही म्हणा, मी उद्या सकाळी काढते. ते कारण खरं आहे. पण अट घालून उपकार केल्यासारखं नको."

काकांचा चेहरा उतरला. कौतुकाचा कागद हातात तसाच राहिला होता. त्यांनी चष्मा पुसला. मग कोरडेपणाने म्हणाले, "रेषेबाहेर येते हे तर खरंच."

अटीशिवाय गाडी उभी राहू द्यावी का, यावर हात वर झाले. माझ्या बाजूने सहा. नानांचा धरून.

जिना चढताना नाना कठडा धरून मधल्या मजल्यावर थांबले. मला वाटलं, आता म्हणतील, काय मिळवलंस? ते म्हणाले, "किती वाजता काढायची?"

"सहाला."

"मी येतो. मागे बघायला कुणीतरी लागतं."

रोझीची मावशी आमच्याच बाजूच्या गावठाणात राहते. तिच्या घराशेजारी फणसाखाली मोकळी जागा होती. तिथे गाडी गेली. घरापासून पंधरा मिनिटं चालत. उन्हाळा अंगात भिनलेला, सकाळी सहालाही मान चिकट व्हायची. पण मी रोज चालत जायचे, गाडीवर पडलेली पानं झाडायचे, आणि हौद्याचं मागचं पान, ज्याला ट्रकवाले फाळका म्हणतात, ते खाली पाडून त्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायचे. चर्चच्या बाजूने पाववाल्याची सायकल जायची. मावशींची कोंबडी चाकाला टेकून बसायची. काही लोकांना वाटलं मी हरले, आणि तसं पाहिलं तर हरलेच होते. पण त्या फाळक्यावर बसून मला कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. इतकी वर्षं जी हौस मी कामांच्या, कर्तव्यांच्या, नानांच्या औषधांच्या आड लपवून करत आले होते, ती आता उघड्यावर, दिवसाढवळ्या, एका फणसाखाली उभी होती.

मग मेच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी सामंतकाकू दिसल्या. सुती साडी, पायांत चपला, हातात दूध आणायची पिशवी. आमच्या बाजूला दूध घरपोच येतं. पासष्टीच्या पुढच्या असतील. इतक्या वर्षांत मी त्यांना काकांशिवाय रस्त्यावर क्वचितच पाहिलं होतं.

"काकू? काही हवंय का? काही आणायचंय?"

त्या जवळ आल्या. हौद्यात डोकावल्या, मग माझ्याकडे पाहून पिशवीतून एक प्लॅस्टिकचं पाकीट काढलं. आत शिकाऊ परवाना होता. त्यांचा फोटो, केस चापूनचोपून बसवलेले, डोळे घाबरलेले.

"परवा मिळालं," त्या म्हणाल्या. "भाचीने अर्ज भरून दिला. परीक्षा मीच दिली हो, कॉम्प्युटरवर. सगळ्या खुणा पाठ केल्या." थोडं थांबून, "ह्यांना माहीत नाही अजून."

"सभेत तुम्ही हात वर केला नव्हता," मी म्हटलं.

"मी सदस्य नाहीये गं. फ्लॅट ह्यांच्या नावावर आहे."

मी किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी चपला काढून दाराशी नीट लावून ठेवल्या, पदर खोचला, आणि पायरीवर पाय देऊन, एकदा घसरून, वर चढल्या. सीट पुढे ओढली. मी आरसा त्यांच्या बाजूने वळवून दिला आणि शेजारी बसले.

"डावा क्लच ना?"

"डावा क्लच. पूर्ण दाबा. पहिला गिअर."

गाडी दोनदा आचका देऊन बंद पडली. तिसऱ्यांदाही. कोंबडी ओरडत कुंपणापलीकडे गेली. मावशी खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. काकूंच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण त्यांनी किल्ली पुन्हा फिरवली. चौथ्यांदा ती हलली. फणसाच्या सावलीतून बाहेर, गल्लीतून, खाडीकडे जाणाऱ्या रिकाम्या रस्त्याला लागली. काकू स्टिअरिंगला चिकटून बसल्या होत्या आणि ओठ घट्ट मिटले होते. समोर खारफुटीवर ऊन चढत होतं.

"काकू, कुठे जायचंय तुम्हाला?" मी विचारलं. "शिकून, म्हणजे. बाजाराला, की लेकीकडे?"

"कुठेही नाही," रस्त्यावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या. "तू बोलू नकोस मधे. मला दुसरा गिअर टाकायचाय."